आधी कोपरा ठरवा, मग हॉर्न

खोल उतरणारा आणि तरीही अंगावर येणारा बेस हवा असेल तर हॉर्न सबवूफर (रुंदावत जाणाऱ्या नळीतून खालचे सूर वाजवणारी स्पीकरची पेटी) बांधावा, या निष्कर्षाला स्पीकरचा नाद असलेला माणूस कधी ना कधी येतोच. मग तो नकाशे गोळा करतो, स्पीकरच्या किमती काढतो आणि कोणते डिझाइन सर्वांत भारी यावर मित्रांशी वाद घालू लागतो. माझ्या मते घोडे पेंड खाते ते इथेच. हॉर्नच्या बाबतीत डिझाइन ही सर्वांत शेवटी ठरणारी गोष्ट आहे. सर्वांत खालचा सूर किती हर्ट्झचा (सेकंदाला किती कंपनांचा) हवा, पेट्या एकूण किती होणार आणि त्या नेमक्या कुठे उभ्या राहणार, या तीन गोष्टी त्याआधी ठरलेल्या असाव्या लागतात. त्यातही तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे, आणि नेमका तिचाच विचार सर्वांत कमी होतो.

हे सांगण्याचे निमित्त असे की, आम्ही काही मित्रांनी पुण्यातल्या धायरीत एका जुन्या वर्कशॉपची शेड भाड्याने घेतली आहे. ती साधारण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असून वर पत्रा आहे, एका बाजूला रोलिंग शटर आहे आणि मागच्या दोन्ही भिंती चांगल्या जाड विटांच्या आहेत. शनिवारी संध्याकाळी तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत वाजते आणि अधूनमधून बेस गिटार वाजवणारा एक मित्र आपली मंडळी घेऊन तालीम करतो. या जागेसाठी सबवूफर निवडण्याचे काम माझ्याकडे आले. ती निवड कशी केली आणि त्यामागचे गणित काय होते, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी हॉर्न नेमके काय करतो ते पाहू. स्पीकरचा कागदी पडदा जड असतो आणि हवा त्या मानाने फारच हलकी, त्यामुळे उघड्यावर हलणाऱ्या पडद्याची बहुतेक शक्ती वाया जाते आणि आवाजात तिचा जेमतेम एखाद-दुसरा टक्का उतरतो. तुतारीवाल्याने तुतारी बाजूला ठेवून नुसते ओठ फुरफुरवले तर शेजारच्यालाही धड ऐकू जाणार नाही, पण तेच ओठ तुतारीच्या तोंडाशी लावले की आवाज अख्ख्या मैदानभर जातो. हॉर्न पडद्यासाठी तेच काम करतो. अरुंद गळ्याशी जास्त दाब आणि कमी हालचाल असते. नळी रुंदावत जाते तसा दाब उतरतो, हालचाल पसरते आणि शेवटच्या रुंद मुखातून ती मोठ्या क्षेत्रफळावर बाहेरच्या हवेला मिळते. परिणामी तेवढ्याच वॅटमध्ये काही डेसिबल जास्त मिळतात, शिवाय तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला कमी हलावे लागते. हा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. साध्या पेटीत आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की पडद्याची हालचाल चौपट करावी लागते. म्हणजे ८० हर्ट्झला २ मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला ८ आणि २० हर्ट्झला ३२ मिलिमीटर हलायला हवा, आणि ही शेवटची मागणी पुरवणारे स्पीकर बाजारात जवळपास नाहीतच.

एवढा फायदा फुकट मिळत नाही. पेटी लहान हवी, सूर खोल हवा आणि कमी वॅटमध्ये जास्त आवाज हवा, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोनच एका वेळी पुऱ्या होतात, हा हॉफमनचा लोहनियम म्हणून ओळखला जाणारा नियम हॉर्नलाही चुकत नाही. हॉर्न निवडणारा माणूस पेटीच्या आकारावर पाणी सोडून उरलेल्या दोन गोष्टी पदरात पाडून घेत असतो. 'छोटा पण खोल वाजणारा हॉर्न' असे कुणी विकू पाहत असेल तर त्याने तिसरी मागणी गुपचूप सोडून दिलेली असते, एवढे ओळखावे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण कोपऱ्याचे महत्त्व आकड्यांशिवाय पटत नाही. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी ८.६ मीटर येते. हॉर्नची नळी तिच्या किमान चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास तरी असावी लागते. रुंदावत जाणाऱ्या नळीचा अनुनाद तेवढ्याच लांबीच्या सरळ नळीपेक्षा वर सरकतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. नळी दुमडता येते, त्यामुळे लांबीचा प्रश्न सुटतो. खरी मेख आहे ती मुखाच्या आकारात. मोकळ्या आकाशात टांगलेल्या हॉर्नच्या मुखाचा परीघ सर्वांत खालच्या सुराच्या लहरीएवढा असावा, असा जुना दंडक आहे. ४० हर्ट्झसाठी त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर भरते, म्हणजे एखाद्या दुकानाच्या शटरएवढे. तोच हॉर्न जमिनीवर ठेवला की जमीन आरशासारखे काम करते आणि निम्मे, २.९ चौरस मीटर पुरतात. भिंतीला टेकवला तर १.५ चौरस मीटर, आणि दोन भिंती व जमीन मिळतात त्या कोपऱ्यात ठेवला तर अवघे ०.७४ चौरस मीटर पुरतात. कोपरा नुसता मिळाला तर मुखाचे काम आठपट स्वस्त होते. या एका वस्तुस्थितीपुढे डिझाइन-डिझाइनमधले बाकीचे फरक किरकोळ आहेत.

पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने ही गोष्ट फार लवकर हेरली. १९४६ पासून विकला जाणारा त्याचा क्लिप्शहॉर्न मुद्दाम कोपऱ्यासाठीच बेतलेला आहे. त्याच्या पेटीतून बाहेर पडणारी लहर खोलीच्या दोन भिंतींनाच हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरते. १५ इंची एकाच स्पीकरवर तो पस्तीसेक हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि अत्यंत कमी शक्तीच्या अँप्लिफायरवरही घर दणाणून सोडतो. तोच क्लिप्शहॉर्न खोलीच्या मधोमध आणून ठेवला तर त्याचा बेस कुठे गेला ते शोधावे लागेल.

मुख मोठे करण्याचा दुसरा रस्ता म्हणजे पेट्या एकमेकींना चिकटवून रचणे. खालच्या सुरांच्या लहरी इतक्या लांब असतात की शेजारी ठेवलेली चार तोंडे त्यांना एकच मोठे तोंड वाटते. पेट्या आणि वॅट दोन्ही दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. त्यातील ३ डेसिबल वाढलेल्या वॅटचे असतात आणि उरलेले ३ केवळ संगतीचे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याने किंवा टिळक रस्त्याने जाणाऱ्या ट्रॉलीवर आपण ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतो ती पेट्यांची भिंत उभी असते, तिच्या दणक्याचे अर्धे रहस्य या संगतीत आहे. त्या भिंतीतली एकच पेटी काढून मैदानात वाजवली तर ती बरीच केविलवाणी वाटेल. टॉम डॅनली या अमेरिकन स्पीकर-रचनाकाराने आखलेल्या लॅब-सब या प्रसिद्ध हॉर्न सबवूफरचेही तेच आहे. त्यात एमिनन्स कंपनीचे दोन १२ इंची स्पीकर बसतात आणि तो चार-सहाच्या गटात वाजवण्यासाठीच बेतलेला आहे. एकटा-दुकटा बांधून 'याचा बेस खोल जात नाही' अशी तक्रार करणारे कमी नाहीत. त्यांनी सहापैकी एकाच गड्याला रस्सीखेचीत उतरवलेले असते.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. मिरवणुकीतला तो आवाज प्रचंड असतो, पण खोल क्वचितच असतो. छातीवर जो ठोका बसतो तो बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो, कारण त्याच पट्ट्यात थोड्या वॅटमध्ये जास्त गाजावाजा करता येतो. खोल बेस ही वेगळी चीज आहे आणि तिचा भावही वेगळा आहे.

म्हणून किती खाली जायचे हे आधी ठरवावे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झला वाजते, पाच तारांची असेल तर ३०.९ हर्ट्झला, आणि पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झला. नृत्यसंगीतातील किक ५०-६० हर्ट्झच्या आसपास असते; तिच्याखाली घरंगळत जाणारा बेस मात्र चाळीसच्या खाली सहज उतरतो. इथे आपल्या कानाचाही विचार करावा लागतो. ५० हर्ट्झचा सूर ऐकू येण्यासाठी सुमारे ४४ डेसिबल लागतात, ३१.५ हर्ट्झचा ऐकू येण्यासाठी जवळजवळ ६० आणि २० हर्ट्झसाठी ७८ च्या वर. तळाकडची प्रत्येक पायरी दोनदा पैसे मागते. एकदा स्पीकर हलवण्याचे आणि एकदा कान जागा करण्याचे. आमच्या कामाला ३५ हर्ट्झ पुरेसे होते. पाच तारांच्या गिटारचा तळाचा मूळ सूर त्यात थोडा हलका वाजतो, पण त्याचे ६२ हर्ट्झचे दुसरे स्वरांश भरपूर येतात आणि कान उरलेले जुळवून घेतो. ३५ ऐवजी २८ चा हट्ट धरला असता तर पेटीचे घनफळ जवळपास दुप्पट झाले असते, आणि शटर दुप्पट खडखडले असते ते वेगळेच.

सूर ३५ हर्ट्झ, पेट्या दोन आणि जागा विटांच्या दोन भिंतींचा कोपरा, इतके पक्के झाल्यावरच डिझाइनकडे वळलो. आमच्यासमोर मुख्यतः तीन जाती होत्या.

स्कूप ही पहिली जात, ब्रिटनमधल्या रेगे मंडळींच्या साऊंड सिस्टिममुळे नावाजलेली. यात स्पीकरचा पुढचा भाग थेट श्रोत्यांकडे वाजतो आणि मागचा आवाज वळणदार नळीतून फिरून खालच्या तोंडाने बाहेर येतो. बांधायला सोपी, आवाजाला ऊबदार आणि दिसायला रुबाबदार अशी ही पेटी आहे. पण पुढचा व मागचा आवाज काही सुरांवर एकमेकांना मदत करतात आणि काही सुरांवर एकमेकांच्या पायात पाय घालतात. तिचा खरा जोर पन्नासच्या वर असतो. पस्तीसला ती हात टेकते. संगीत त्या जातीचे असेल तर तिला तोड नाही, आमचे नव्हते.

दुसरी जात म्हणजे पुढून भरलेला दुमडलेला हॉर्न. यात स्पीकरच्या मागे बंद कप्पा असतो आणि सगळा आवाज पुढच्या नळीतून जातो. ही सर्वांत शिस्तीची जात. मागचा कप्पा नीट बेतला तर त्याचा ताठरपणा गळ्यातील हवेच्या जडत्वाला तोलून धरतो आणि तळाशी आवाज भरीव राहतो. हॉर्नची मर्यादा संपल्यावरही तो कप्पा पडद्याला थोडा लगाम घालतो. या जातीची वरची झेपही चांगली असते, त्यामुळे टॉपशी, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या पेट्यांशी, सांधा जुळवणे सोपे जाते. पण ३५ हर्ट्झला ती मोठी होते आणि मुखाच्या बाबतीत तिला तडजोड मुळीच खपत नाही. मुख अपुरे पडले की बाहेर निघालेली लहर काही अंशी परत फिरते आणि कोणता सूर किती जोरात वाजतो ते दाखवणाऱ्या आलेखावर डोंगर-दऱ्या उमटतात. पेट्या चार-सहा असत्या तर मी डोळे मिटून हीच जात घेतली असती.

तिसरी जात टॅप्ड हॉर्न. ही कल्पनाही टॉम डॅनली यांचीच, आणि ती कागदावर पाहिली की प्रथम विश्वास बसत नाही. स्पीकर नळीतच बसवलेला असतो, तोही असा की त्याची एक बाजू नळीच्या बंद टोकाजवळ उघडते आणि दुसरी बाजू मुखाजवळ. एका बाजूचा आवाज पूर्ण नळी फिरून येतो तोपर्यंत त्याची कला (फेज) उलटलेली असते, त्यामुळे मुखापाशी तो दुसऱ्या बाजूच्या आवाजात मिळतो आणि दोघे मिळून जोर लावतात. मागचा बंद कप्पा नसल्याने ती जागा नळीला मिळते, आणि त्याच घनफळात सूर थोडा आणखी खाली नेता येतो. मुख्य म्हणजे मुख लहान असले तरी ती फारशी कुरकुर करत नाही. दोनच पेट्या करणाऱ्यासाठी हा गुण लाखमोलाचा आहे.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण तिची जाहिरात करणारे ते सांगत नाहीत. तिचा कामाचा पट्टा दीड ते दोन सप्तकांचाच असतो. ३५ पासून सुरुवात केली तर शंभरच्या पुढे आलेख दातेरी होत जातो, त्यामुळे ९० हर्ट्झच्या आसपास तिला थांबवून पुढचे काम सशक्त टॉपवर सोपवावे लागते. आणि तिच्या तळाच्या मर्यादेखाली पडद्याला धरणारे कोणीच उरत नाही. ३५ हर्ट्झला शांतपणे हलणारा पडदा २५ हर्ट्झला तेवढ्याच वॅटमध्ये वेड्यासारखा उसळतो आणि त्याला जोडलेले तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, मागच्या प्लेटवर आपटते. ठरावीक सुराच्या खालचे सगळे अडवणारा हाय-पास फिल्टर लावल्याशिवाय टॅप्ड हॉर्नला अँप्लिफायर जोडणे म्हणजे स्पीकर जाणूनबुजून मारणे होय.

हे सर्व मी सुरुवातीला कागदावर न पाहता हॉर्नरेस्पवर पाहिले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅकबीन यांनी लिहिलेले आणि विनामूल्य मिळणारे हे सॉफ्टवेअर म्हणजे या छंदाचा कणा आहे. त्याचा चेहरा जुनाट आहे आणि चौकटींची नावे दोन-दोन अक्षरांची आहेत, परंतु एकदा हात बसला की दुसरे काही लागत नाही. त्यात पेटी कुठे ठेवली आहे हे सांगणारी एक चौकट असते: मोकळ्या आकाशासाठी ४ पाय (π), जमिनीवर २, भिंतीशी १ आणि कोपऱ्यात अर्धा. कुठल्याही नकाशाची शिफारस ऐकली की मी सर्वांत आधी ही चौकट बदलून पाहतो. कोपऱ्यात देखणा दिसणारा आलेख जमिनीवर आणताच चाळीसच्या खाली कसा ढासळतो, हे एक कळ दाबताच दिसते. दुसरा आलेख पडद्याच्या हालचालीचा. आवाजाचा आलेख सगळेच पाहतात. पण पूर्ण वॅटवर पडदा किती मिलिमीटर हलतो, हे पाहिल्याशिवाय लाकूड कापू नये.

स्पीकर निवडताना वॅटच्या आकड्याला भुलू नये. हॉर्नला लागते ती ताकद चुंबकाची आणि कॉइलची, ताठ पडद्याची आणि कमी क्यूटीएसची (पडदा स्वतःच्या अनुनादाशी किती लगामात राहतो ते सांगणारे माप; कमी म्हणजे लगाम जास्त), साधारण ०.३ च्या आसपासची. गळ्याशी दाब इतका असतो की मऊ पडदा काही काळाने सुरकुततो किंवा फाटतो. १८ इंची पडद्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटरच्या घरात असते आणि गळा त्याच्या निम्म्याने ठेवला तरी पडद्यावर चांगलाच भार येतो. बी अँड सी कंपनीचे १८टीबीएक्स१०० आणि १८एसडब्ल्यू११५ हे या कामातले परिचित गडी आहेत. नावातील शेवटचा आकडा कॉइलचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आम्ही पहिल्यावर भागवले.

बुधवार पेठेत आणि तपकीर गल्लीत हिंडले की वायरपासून स्पीकॉनपर्यंत (स्पीकरच्या वायरीचा जोड) सगळे मिळते, पण मोठा स्पीकर घेताना डोळ्यांत तेल घालून घ्यावा. नामांकित शिक्क्याचा नकली माल बाजारात फिरतो. जुन्या स्पीकरमध्ये कॉइल आणि पडदा कुठलातरी बदललेला असतो, आणि वरून काही कळत नाही. साध्या पेटीत असा स्पीकर कसाबसा खपून जातो. हॉर्न मात्र एका विशिष्ट स्पीकरच्या मापांवर बेतलेला असतो, त्यामुळे आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? जॉन मल्काही यांचे आरईडब्ल्यू हे विनामूल्य सॉफ्टवेअर, एक साऊंड कार्ड आणि एक रेझिस्टर एवढ्या सामग्रीवर स्पीकरचा अवरोध मोजता येतो आणि त्यावरून त्याची खरी मापे निघतात. एका विक्रेत्याने मोजण्यासाठी स्पीकर घरी न्यायला साफ नकार दिला, तेव्हा मी तो व्यवहार तिथेच सोडला. मोजू द्यायला तयार असलेला दुकानदार दोन पैसे जास्त मागत असला तरी तो स्वस्तच पडतो.

लाकडासाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट गाठले. बर्च प्लाय उत्तम खरा, पण त्याच्या भावाने माझा हात आखडला, म्हणून १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचा, आतून पोकळ्या नसलेला प्लाय घेतला. आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या घरात जाते आणि एका पेटीला अडीच-तीन शीट लागतात. स्पीकर बसवल्यावर ती पेटी किती माणसांनी उचलायची याचा हिशेब आधीच करावा आणि मागे चाके लावावीत. आमचे सुतारकाका आयुष्यभर स्वयंपाकघरे करत आलेले. आतल्या तिरक्या फळ्यांचा नकाशा बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "साहेब, ह्या कपाटात ठेवणार काय? सगळी जागा तर फळ्यांनीच खाल्ली." मी म्हटले, "काका, ह्यात फक्त हवा ठेवायची आहे. पण ती कुठूनही निसटता कामा नये." यावर त्यांनी फक्त मान हलवली, आणि त्यानंतर प्रत्येक सांध्यात फेव्हिकॉल ओसंडेपर्यंत भरला.

सांधे खरोखर बंद आहेत की नाहीत हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पेटीला ३० ते ४० हर्ट्झचा संथ सूर मध्यम आवाजात द्यायचा आणि उदबत्ती पेटवून तिचा धूर प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू न्यायचा. सांधा घट्ट असेल तर धुराची रेघ सरळ वर जाते. कुठे केसाएवढी फट असेल तर तिथे ती थरथरते किंवा फुंकल्यासारखी बाजूला उडते. आमच्या पहिल्या पेटीत स्पीकरपर्यंत पोहोचण्यासाठी ठेवलेल्या झडपेच्या एका कोपऱ्यात धूर असा नाचला. तिथे फोमची पट्टी जाड केली आणि दोन बोल्ट वाढवले, तेव्हा रेघ सरळ झाली. नळीच्या वळणांवर गोलाई द्यावी का, असे अनेक जण विचारतात. शंभर हर्ट्झच्या खाली लहर तीन-साडेतीन मीटरहून लांब असते. तिला कोपऱ्यातील गोलाई दिसतही नाही. तो वेळ आतले टेकू वाढवण्यात घालवावा.

पेट्या कोपऱ्यात उभ्या करून प्रथम वाजवल्या तेव्हा बेसच्या आधी शेडनेच हजेरी लावली. ८ मीटरच्या रुंदीत २१.५ हर्ट्झची स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये जागीच उभी राहणारी लहर) बसते आणि तिची दुप्पट ४३ हर्ट्झ. त्यामुळे त्या सुराला शेडच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला बेस दुप्पट वाटायचा आणि चार पावले सरकले की गायब व्हायचा. कोपऱ्यातला हॉर्न खोलीच्या सर्व स्थिर लहरींना जागे करतो, ही त्याची दुसरी बाजू आहे. ४३ ला इक्वलायझरने थोडे कापले आणि नाचण्याची जागा मधल्या पट्ट्यातून काढून मागच्या भिंतीकडे सरकवली. रोलिंग शटरच्या पट्ट्या मात्र चाळीसच्या आसपास असा कर्कश खडखडाट करत होत्या की चांगल्या बेसची चवच जायची. शटर खाली ओढून त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत रबराच्या पट्ट्या ठोकल्या तेव्हा ते गप्प बसले. पत्र्याचे हुक-बोल्ट आवळणे हे अजून अधूनमधून करावेच लागते.

कोथरूडच्या किंवा सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये असा हॉर्न बांधू का, असे मला विचारले जाते, त्याला माझे उत्तर सरळ 'नाही' असते. १२ फूट लांबीच्या खोलीची पहिली स्थिर लहर ४७ हर्ट्झची असते आणि तिच्याखाली बंद खोली स्वतःच दाब वाढवून देते. तिथे एक साधी बंद पेटी, लांब पल्ल्याचा १२ इंची स्पीकर आणि थोडे जास्त वॅट हे पुरेसे आहेत. पलंगाएवढी पेटी घरात आणून घरच्यांचा रोष ओढवून घेण्यात अर्थ नाही.

आवाज बाहेर किती जातो हा विषयही निवडीचाच भाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. ही मर्यादा 'ए' मापनात सांगितलेली असते. 'ए' मापन ४० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे खऱ्या १०० डेसिबलचा तो सूर मीटरवर जेमतेम ६५ दिसतो, पण शेजाऱ्याच्या कपाटातली भांडी मीटर पाहून वाजत नाहीत. खालचा सूर भिंतीतूनही सर्वांत सहज जातो. त्यामुळे शटर असलेल्या बाजूला लोकवस्ती असल्यास पेट्यांची दिशा बदलून फारसे काही साधत नाही. एवढ्या खालच्या सुराला दिशा जवळपास नसतेच. आमच्या मागे गोदामे आहेत, म्हणून हा कोपरा निवडला, आणि रात्री दहाच्या बराच आधी आम्ही आवाज बंद करतो.

आता प्रोसेसरवरची, म्हणजे सब आणि टॉपला आवाज वाटून देणाऱ्या यंत्रावरची मांडणी. हाय-पास ३२ हर्ट्झला, सप्तकाला २४ डेसिबल उताराचा. लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ९० हर्ट्झला, तेवढ्याच उताराचा. नळी सुमारे तीन मीटरची असल्याने सबचा आवाज टॉपच्या मागून येतो. नुसत्या लांबीच्या हिशेबाने टॉपला साडेआठ मिलिसेकंद थांबवावे लागेल, पण टॅप्ड हॉर्नमध्ये आवाज दोन वाटांनी येतो आणि फिल्टरही आपला उशीर जोडतात, म्हणून हा आकडा मायक्रोफोन लावून मोजूनच ठरवला. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत ध्वनीचा वेग चार-साडेचार टक्क्यांनी बदलतो, आणि ३५ हर्ट्झचा हॉर्न उन्हाळ्यात दीडेक हर्ट्झने वर सरकतो. त्याने ऐकण्यात फरक पडत नाही, पण हाय-पास अगदी काठावर लावू नये एवढे मात्र त्यावरून ठरते. आवाजाला ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर मी वॅटवर न लावता हॉर्नरेस्पमधल्या पडद्याच्या हालचालीवरून काढलेल्या व्होल्टवर लावला आहे, आणि त्या प्रीसेटला पासवर्ड घातला आहे, कारण रात्री साडेनऊच्या सुमारास 'अजून थोडा बेस सोड ना' म्हणणारा एक तरी मित्र नॉबपर्यंत पोहोचतोच.